उमेदवारीचा काळ आणि मुलाखतीची वेळ

‘उमेदवार’ आणि ‘मुलाखत’ हे दोन शब्द आज एकाच पत्रात शेजारीशेजारी येतात. त्यांचे पूर्वायुष्य मात्र वेगळे आहे. ‘उमेद’ म्हणजे आशा, हा फारसी शब्द. इंग्रजी अमदानीतल्या कचेरीत जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी लेखणी झिजवणारा तो उमेदवार. ‘मुलाखत’ मूळची अरबी. पेशवाईतल्या पत्रांत ती सरदार-वकिलांची भेट असे, परीक्षा नसे. एका शब्दात वर्षांची प्रतीक्षा आहे, दुसऱ्यात घटकाभराचा सहवास. नोकरीच्या निवडीचा आपल्याकडचा इतिहास या दोन काळांच्या ताणातून वाचता येईल, असे आम्हांस वाटते.

निमित्त घरचेच आहे. आमच्या एका माजी विद्यार्थिनीला गुरुवारी सायंकाळी एका महाविद्यालयाकडून सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचे पत्र आले. मुलाखत सोमवारी सकाळी. मधल्या तीन दिवसांत काय वाचावे, हे विचारायला ती आमच्याकडे आली. प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आम्ही अडखळलो. तयारीला लागणारा वेळ कोणाकडे किती असतो आणि तो कोण ठरवतो, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकऱ्या पूर्वी संचालकांच्या शिफारशीने मिळत. १८५३ च्या सनदी कायद्याने ती प्रथा मोडली, १८५४ मध्ये मेकॉले समितीचा अहवाल आला आणि १८५५ पासून लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. वशिल्याच्या जागी गुणवत्ता आली, हे खरेच. परंतु परीक्षा लंडनमध्ये, विषयांत ग्रीक-लॅटिनचे वजन मोठे आणि वर वयाची अट. इंग्रज मुलाची तयारी शाळेतच होत असे. हिंदी मुलाला तीच तयारी परक्या भाषेत, समुद्र ओलांडून, मर्यादित महिन्यांत उरकावी लागे. तरीही सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये निवडले गेले. या सेवेतले हे पहिले हिंदी गृहस्थ पुढे मुंबई इलाख्यातच नोकरीस होते.

१८६९ चा प्रसंग अधिक बोलका आहे. त्या वर्षी चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. पैकी शेवटच्या दोघांची नावे वय जास्त असल्याच्या कारणावरून यादीतून काढण्यात आली. घोळ मोजणीचा होता. आपल्याकडे ‘सोळावे लागले’ की वय सोळा सांगण्याची रीत. इंग्रजी हिशेबात सोळा पूर्ण व्हावे लागतात. सुरेंद्रनाथांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली आणि अखेर दोघांनाही परत घेतले गेले. एका संस्कृतीने वर्ष कसे मोजायचे, एवढ्यावर दुसरीकडचे आयुष्य अडले होते.

वयोमर्यादेचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. आरंभी ती २३ वर्षे होती. टप्प्याटप्प्याने उतरत १८७८ मध्ये १९ वर आली. विषयपत्रिकेत ‘हिंदी मुलांना प्रवेश नाही’ असे कोठेही लिहावे लागले नाही. वेळ कमी केला की पुरे होते. हे ओळखूनच सुरेंद्रनाथांनी या निर्णयाविरुद्ध देशभर दौरा केला आणि वयाची अट हा राजकीय प्रश्न बनला. १८९२ मध्ये मर्यादा पुन्हा २३ झाली. हिंदुस्थानात ही परीक्षा देण्याची सोय मात्र १९२२ मध्ये, अलाहाबाद येथे झाली.

या इतिहासात घाईच्या तयारीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सुभाषचंद्र बोस यांचे. १९१९ च्या ऑक्टोबरात ते इंग्लंडला पोहोचले आणि पुढच्या जुलैत परीक्षेस बसले. हाताशी जेमतेम आठ महिने. संस्कृतच्या पेपरात भाषांतर आधी कच्चे लिहिले आणि ते पक्के उतरवून काढण्यापूर्वीच वेळ संपली, अशी आठवण त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. तरी ते चौथे आले. आणि १९२१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. ही कथा आपण विद्यार्थ्यांना जिद्दीचा धडा म्हणून सांगतो. आठ महिने परदेशी राहून केवळ अभ्यास करण्याची ऐपत किती घरांत होती, हे सांगायचे मात्र राहून जाते.

लेखी परीक्षेत निदान उत्तरपत्रिका मागे उरते. तोंडी परीक्षेत तेही नाही. अजय हासिया प्रकरणात (निकाल १९८०) हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. प्रकरण नोकरीचे नव्हे, श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचे होते. लेखी परीक्षेला १०० गुण, मुलाखतीला ५०. आणि प्रत्येकाची मुलाखत अवघी दोन-तीन मिनिटे झाली, अशी अर्जदारांची तक्रार होती. मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. १९८५ मध्ये हरियाणा लोकसेवा आयोगाच्या प्रकरणातही मुलाखतीच्या अवास्तव गुणांवर बोट ठेवले गेले. १ जानेवारी २०१६ पासून तर केंद्र सरकारने आपल्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखतच बंद केली.

आता पुन्हा त्या विद्यार्थिनीकडे. तिचा शुक्रवार प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रतींचे संच लावण्यात गेला. शनिवारी आम्ही तिला एकच काम सांगितले : स्वतःचा प्रबंध तीन मिनिटांत, टिपण न पाहता सांगायचा. पहिल्या खेपेला ती आमचीच वाक्ये बोलत होती. चौथ्या खेपेला तिच्या आजोळच्या ओव्या आल्या, त्या गोळा करताना झालेली फजिती आली, आणि विषय तिचा झाला. रविवारी आम्ही तिला फक्त झोपायला सांगितले.

सोमवारची मुलाखत सात मिनिटे चालली. त्यांतली बरीचशी कागद तपासण्यात गेली. ओव्यांविषयी कोणी विचारले नाही. निवड दुसऱ्या कोणाची झाली.

ती सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते आहे. म्हणजे कचेरीतल्या त्या जुन्या उमेदवाराची प्रतीक्षा तिच्या वाट्याला आली, आणि आधुनिक मुलाखतीची घाईही. जुन्या उमेदवाराचे काम निदान साहेबाच्या नजरेसमोर होत असे. हिची सहा वर्षे त्या सात मिनिटांत कोणास दिसली नाहीत. आमच्यापैकी काहीजण आता निवड समित्यांवर बसतात. पत्र किमान पंधरा दिवस आधी जावे आणि प्रत्येक उमेदवाराला वर्गात एक पूर्ण तास शिकवू द्यावा, एवढा आग्रह आम्ही तेथे धरतो. तो दर वेळी मान्य होतो असे नाही. पुढची जाहिरात आली आहे. तिने अर्ज केला आहे, आणि शनिवारची तालीम या खेपेस पत्राची वाट न पाहता सुरू झाली आहे.