अडीच वर्षांचं मूल पाट्या वाचतंय? आधी हे समजून घ्या

पुलगाव स्टेशनची पाटी, नाचणगावातल्या किराणा दुकानातला पारले-जीचा पुडा, एसटीवरचा बोर्ड. दोन-अडीच वर्षांचं मूल यातलं एखादं नाव धडाधड म्हणून दाखवतं आणि घरातल्यांचे मोबाईल बाहेर येतात. व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर जातो, तिथून त्याचं रील होतं आणि खाली 'पोरगं कलेक्टर होणार' अशा कमेंट पडतात.

कौतुक वाटणारच. पण इतक्या लहान वयातल्या अक्षरांच्या वेडाचे अर्थ वेगवेगळे असू शकतात. काही वेळा ती फक्त ओळख असते, काही वेळा खरंखुरं वाचन असतं आणि काही वेळा मुलाला वेगळ्या मदतीची गरज असल्याची खूणही असते.

ते खरंच वाचन असतं का?

बहुतेक वेळा नाही. लहान मुलं सुरुवातीला शब्द चित्रासारखे ओळखतात. रंग, आकार आणि वस्तू कुठे दिसते यावरून ती नाव सांगतात. १९८४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मुलांना ओळखीची बोधचिन्हं दाखवली. त्यात 'पेप्सी'चं पहिलं अक्षर बदललेलं होतं. बहुतेक मुलांच्या ते लक्षातही आलं नाही, त्यांनी 'पेप्सी' असंच सांगितलं.

घरीही हे तपासता येतं. पुड्यावरचं नाव कोऱ्या कागदावर साध्या पेनाने लिहून दाखवा. तरीही मुलानं ओळखलं, तर पुढची पायरी आली असं समजा.

त्यानंतर मूल सुटी अक्षरं ओळखतं आणि मग अक्षरं जोडून, कधीच न पाहिलेला शब्द उच्चारतं. हे खरं वाचन. देवनागरीत एक अक्षर साधारण एका उच्चाराचं असतं, त्यामुळे 'कमळ', 'नळ' असे शब्द सोपे जातात. पण बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर ओळखायचे आकार शेकड्यांत जातात. शिवाय 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार मात्र नंतर होतो. म्हणून आपल्या लिपीवर पूर्ण पकड यायला शाळेतली काही वर्षं लागतात.

अक्षरांचं एवढं वेड कशामुळे?

अक्षरं बदलत नाहीत. माणसांचे चेहरे, आवाज, मूड बदलतात. 'ग' मात्र दुकानावरही 'ग' आणि पुस्तकातही 'ग'. नमुने ओळखायला आवडणाऱ्या मुलांना यात मजा वाटते.

घराचाही वाटा असतो. अमेरिकेच्या डोलोरेस डर्किन यांनी शाळेआधीच वाचू लागलेल्या मुलांचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. या मुलांच्या घरी त्यांना वाचून दाखवलं जायचं आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं मिळायची. बऱ्याच मुलांची सुरुवात तर कागद-पेन्सिलीने गिरगटण्यातून झाली होती.

हायपरलेक्सिया म्हणजे काय?

काही मुलं वयाच्या मानाने फारच लवकर आणि अस्खलित वाचतात, पण वाचलेल्याचा अर्थ त्यांना तेवढा कळत नाही. याला 'हायपरलेक्सिया' म्हणतात. हा शब्द १९६७ साली नॉर्मन आणि मार्गारेट सिल्बरबर्ग यांनी वापरात आणला.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, नोंद झालेल्या हायपरलेक्सियाच्या मुलांपैकी सुमारे ८४ टक्के मुलं ऑटिझम स्पेक्ट्रमवर असल्याचं दिसलं. याचा अर्थ लवकर वाचणारं प्रत्येक मूल ऑटिस्टिक असतं असा अजिबात नाही. मनोविकारतज्ज्ञ डॅरोल्ड ट्रेफर्ट यांनी अशा मुलांचे तीन गट सांगितले: फक्त लवकर वाचणारी मुलं, ऑटिझम असलेली मुलं आणि सुरुवातीला ऑटिझमसारखी लक्षणं दिसून ती पुढे कमी होणारी मुलं.

म्हणून अक्षरांपेक्षा बाकीच्या गोष्टींकडे बघणं महत्त्वाचं. मूल नावानं हाक मारल्यावर वळतं का? हवी असलेली वस्तू बोटानं दाखवतं का? 'पाणी दे' असं स्वतःहून सांगतं का? पाटी वाचणारं मूल तहान लागल्यावर सांगू शकत नसेल, तर रील बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटायला हवं.

त्यासाठी नागपूर-मुंबई गाठायची गरज नाही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकं अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करतात. त्यात वाढीतला आणि विकासातला विलंबही पाहिला जातो. गरज असल्यास मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. सुरुवात अंगणवाडी सेविकेशी बोलून करता येते.

लवकर वाचलं म्हणजे पुढेही पहिला नंबर?

तसं नाही. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना झाली. अकरा वर्षांच्या आसपास दोन्ही गटांचा वाचनाचा वेग सारखाच झाला होता. त्यामुळे शेजारच्या मुलाचं रील पाहून आपल्या तीन वर्षांच्या मुलाला पाटी-पेन्सिल घेऊन बसवण्यात अर्थ नाही. नव्या शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि पहिलीचा प्रवेश सहा वर्षं पूर्ण झाल्यावरच आहे.

वर्ध्यात हा विचार जुनाच

नाचणगाव ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, तिथेच ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम' पुढे आली. सुरुवातीला ती ७ ते १४ वयोगटासाठी होती. १९४५ साली सेवाग्रामच्या परिषदेनंतर तिच्यात त्याआधीच्या वयाची मुलंही आली.

अक्षरांबद्दल गांधीजींचं मत त्यांच्या आत्मकथेत आहे. स्वतःच्या वाईट हस्ताक्षराबद्दल लिहिताना ते म्हणतात, की मुलांनी फुलं-पक्षी ओळखावेत तशी अक्षरं बघून ओळखावीत, आधी चित्र काढायला शिकावं आणि लिहिणं त्यानंतर यावं.

त्याच काळात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी इथे ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही 'अंगणवाडी'ची कल्पना त्यांच्याच कामातून आली.

मग घरी काय करायचं?

- मुलानं विचारलं तर अक्षर सांगा. नाही विचारलं तर परीक्षा घेऊ नका.
- रोज थोडा वेळ चित्रांचं पुस्तक वाचून दाखवा आणि 'आता काय होईल?' असं विचारा. अर्थाची गोडी इथूनच लागते. 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी मोफत आहेत, 'किशोर' मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन मिळतात.
- गिरगटू द्या. भिंत खराब होण्याची काळजी असेल तर फरशी आणि खडू द्या.
- अक्षरांच्या व्हिडिओंवर मर्यादा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासापेक्षा जास्त वेळ स्क्रीनसमोर बसू नये.
- आजीच्या गोष्टी, गाणी, मातीतले खेळ चालू ठेवा. ज्या शब्दांचा अर्थ कानावरून आधीच माहीत असतो, ते शब्द पुढे वाचताना पटकन समजतात.