संवर्धित कोळंबीवरील ओळखखुणा

कोळंबी वाढताना वरचेवर कात टाकते आणि कवचावर लावलेली खूण त्या कातीबरोबर गळून पडते; म्हणून व्हेनामी कोळंबीच्या निवड-पैदाशीत, म्हणजे जोमदार कुळांतून पुढच्या पिढीचे जनक निवडण्याच्या कामात, पिलांच्या उदरखंडातील स्नायूत रंगीत इलॅस्टोमर, म्हणजे टोचल्यावर रबरासारखा घट्ट होणारा द्रव, टोचतात आणि पारदर्शक कवचातून दिसणारा रंग व त्याची जागा यांवरून कूळ ओळखतात. प्रजननक्षम माद्यांच्या नेत्रदेठात मात्र अंक असलेले कडे चढवतात, कारण देठापेक्षा डोळा रुंद असल्याने ते सहसा निसटत नाही. डीएनए-तपासणी खर्चिक असली तरी तिच्यामुळे मातापिता खुणेविना ठरतात, आणि टोचण्याजोगी वाढ होईपर्यंत प्रत्येक कूळ वेगळ्या टाकीत सांभाळण्याची गरज उरत नाही.