औटगोळ्याचा इतिहास आणि नागाओकाची पांढरी शेवंती



स्मृतिव्याख्यानासाठी मी शोभेच्या दारूचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. दारूकाम म्हटले की लग्न, जत्रा आणि दिवाळी आठवते. दिवंगतांच्या स्मरणाशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर मला जपानच्या एका गावाच्या इतिहासात सापडले.

आपल्याकडील दारूकामाचा इतिहास बहुतांशी वैभवाचा आहे. भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली या विषयावर इंग्रजीत एक छोटा प्रबंध प्रसिद्ध केला. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नातील दारूकामाचे वर्णन येते, ते त्यांनी तेथे नोंदविले आहे. बखरीतील एक प्रसंगही त्यांनी दिला आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांपाशी कोट्याच्या दिवाळीतील दारूच्या लंकेचे वर्णन केले आणि श्रीमंतांच्या इच्छेवरून पर्वतीपाशी तसाच देखावा करण्यात आला. बखरीचा पुरावा जपूनच घ्यावा लागतो, हे खरे. तरी ग्वाल्हेरकरांना पाटीलबावांची ही बाजू कळावी म्हणून सांगितले.

हे सारे हवया, नळे आणि जमिनीवरच्या देखाव्यांचे जग झाले. उखळीतून वर फेकला जाणारा आणि आकाशात फुटून आकार धारण करणारा औटगोळा ही निराळी विद्या आहे. युरोपात, विशेषतः इटलीत, हा गोळा लांबट नळकांड्यासारखा घडविला गेला. एकाच नळकांड्यात कप्पे करून तो तीनचार वेळा फोडावयाचा, यात तेथील कारागिरांचे कसब. जपानी कारागिरांनी मात्र तो चेंडूसारखा वाटोळा केला. कागदी अर्धगोलांच्या आतल्या भिंतीला लागून दारूच्या गोळ्या एकेक करून हाताने मांडतात. त्यांना तेथे 'होशी', म्हणजे तारा, म्हणतात. मध्यभागी फोडणारी दारू असते. ती पुष्कळदा भाताच्या तुसावर चढवलेली असते. मग दोन्ही अर्ध जुळवून वरून कागदाचे थर चिकटवीत जायचे. थर सर्व बाजूंनी सारखे बसले नाहीत तर गोळा एकाच अंगाने फुटतो आणि फूल वेडेवाकडे उमलते. तारे तर एका दिवसात होतच नाहीत. बारीक दाण्यावर दारूचा एक थर, मग वाळवण, मग पुन्हा थर, असे ते दिवसेंदिवस वाढतात. प्रत्येक थराचा रंग वेगळा ठेवला की आकाशातली पाकळी जळता जळता रंग पालटते. शेवटची कसोटी वातीची. गोळा चढून थबकतो त्याच क्षणी तो फुटला पाहिजे. आधी किंवा नंतर फुटला तर फूल एका बाजूला ओढले जाते.

यातूनच प्रकार निर्माण झाले. ज्याचे तारे मागे रेघ ठेवीत जातात तो 'किकू', म्हणजे शेवंती. रेघ न ठेवता नुसते रंगाचे ठिपके पसरतात तो 'बोतान', एका टपोऱ्या फुलाच्या नावाचा. तारे सावकाश जळत खाली लोंबू लागले की 'यानागी'. वाळुंजाच्या फांद्यांवरून हे नाव पडले. एका गोळ्यातून शेकडो बारकी फुले एकदम उमलतात तो 'सेनरिन'. यांत सर्वांत अवघड शेवंतीच, असे माझे मत आहे. तिची रेघ लपत नाही, म्हणून चूकही लपत नाही.

रंग फार उशिरा आले. कोळसा, गंधक आणि सोरा यांतून तांबूस सोनेरी उजेडापलीकडे काही निघत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बर्थोले याने पोटॅशियम क्लोरेट तयार केले. पुढे त्याच्या तीव्र ज्वाळेत स्ट्राँशियमचा तांबडा, बेरियमचा हिरवा आणि तांब्याचा निळा रंग उजळू लागला. जपानला ही रसायने १८६८ नंतरच्या मेजी काळात मिळाली. पण क्लोरेट आणि गंधक एकत्र आले की नुसत्या घर्षणानेही पेटतात. आपल्या देशात या मिश्रणावर १९९२ साली बंदी आली. तरीही १० एप्रिल २०१६ रोजी केरळातील परवूर येथे पुट्टिंगल देवळाच्या उत्सवात साठवलेल्या दारूचा स्फोट होऊन शंभरावर माणसे मेली. दारूकामाच्या इतिहासकारांनी राजेरजवाड्यांचे देखावे मोजले. ही माणसे मोजणे त्यांच्याकडून बहुधा राहून गेले आहे.

आता नागाओकाकडे वळतो. निइगाता प्रांतातील या गावाचा दारूकामाचा लौकिक १८७९ पासूनचा आहे. तेथील तीन 'शाकू' मापाचा गोळा व्यासाने सुमारे नव्वद सेंटिमीटर आणि वजनाने सुमारे तीनशे किलो असतो. त्याचे फूल साडेसहाशे मीटरपर्यंत पसरते. १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री साडेदहाला अमेरिकन विमाने या गावावर आली. आगबाँबच्या वर्षावात गावाचा बहुतेक भाग जळाला आणि सुमारे दीड हजार माणसे मृत्यू पावली. दोन वर्षांनी, १९४७ साली, त्याच गावाने पुन्हा आकाशात दारू उडविली. ज्यांनी आकाशातून आग पडताना पाहिली होती तेच लोक मान वर करून बसले. त्यांच्या मनात काय चालले असेल, याचा अंदाज बांधण्याचे धाडस मी करीत नाही.

याच गावचे कारागीर कासे सेइजी युद्धानंतर सायबेरियात कैदेत होते. सोबतचे अनेकजण तेथेच मेले. १९९० साली कासे रशियातील खाबारोव्स्क येथे गेले आणि त्या मृतांसाठी त्यांनी 'शिरागिकू', म्हणजे पांढरी शेवंती, आकाशात सोडली. तिच्यात एकच रंग आहे. आपण शेवंती देवाला वाहतो. जपानात पांढरी शेवंती मृतांना वाहतात. सगळे रंग हाताशी असताना त्या कारागिराने एवढेच ठेवले, हे मला या विद्येच्या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल वाटते.

पर्ल हार्बरवरील हल्ल्याची योजना आखणारे अॅडमिरल यामामोतो इसोरोकू हे नागाओकाचेच. युद्धसमाप्तीला सत्तर वर्षे झाली तेव्हा, १५ ऑगस्ट २०१५ रोजी, त्या गावाने पर्ल हार्बरच्या पाण्यावर दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी पांढऱ्या शेवंतीचे गोळे उडविले.

नागाओकाचा मोठा उत्सव २ आणि ३ ऑगस्टला असतो. वार कोणताही असो, तारीख बदलत नाही. त्याच्या आदल्या रात्री, बरोबर साडेदहाला, तीन पांढरे गोळे वर जातात.