थायलंडच्या कांस्य बुद्धमूर्ती आणि आपली भीमा

आपल्याकडील बऱ्याच विहारांत थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. वंदनेला आलेल्या आयाबाया विचारतात, "डोक्यावर ही ज्योत कशाची हो? अजिंठ्याच्या बुद्धाला तर नाही." 'परदेशी मूर्ती' म्हणून नाक मुरडणारेही भेटतात. त्या सर्वांसाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

सुरुवात आपल्या भीमेपासूनच करू. सोलापूर जिल्हा ओलांडून ती कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीजवळून जाते. तेथे कनगनहळ्ळीच्या स्तूपात सम्राट अशोकाचे नाव कोरलेले शिल्प सापडले. पुढे भीमा कृष्णेला मिळते, आणि कृष्णाकाठी नागार्जुनकोंडा, अमरावती. ही सगळी एकाच कुळातली कला. तीच व्यापारी गलबतांबरोबर समुद्रापार गेली. तिच्यात गुप्तकाळातील सारनाथची ठेवण मिसळली आणि सहाव्या-सातव्या शतकापासून थायलंडात द्वारावती शैली उभी राहिली. मग परकी कोण म्हणायची?

धातूचे ओतकामही आपल्याला नवे नव्हते. १८८२ साली सोपारा येथील स्तूपात पंडित भगवानलाल इंद्रजींना आठ कांस्यमूर्ती मिळाल्या : सात बुद्ध व मैत्रेय. मातीच्या गाभ्यावर मेण, मेणावर बारीक घडण, वरून पुन्हा माती. भट्टीत मेण वितळले की त्या पोकळीत तांबे-कथलाचा रस ओतायचा. थायलंडचे कारागीरही असेच ओतत.

आता ज्योतीविषयी. तेराव्या शतकात सुखोथाय राज्य उदयास आले. त्याने सिंहलद्वीपाचा थेरवाद स्वीकारला व तेथूनच मस्तकावरची ही ज्योत घेतली. लांबट चेहरा, कमानदार भुवया, नाभीपर्यंत उतरलेला चीवराचा पदर ही तिची खूण. पाऊल उचलून चालणारा बुद्ध तर याच कारागिरांनी खऱ्या अर्थाने घडवला. आमच्या मते थाई कलेत याहून सुंदर काही नाही. चारिका करणारा तथागत तो!

उत्तरेकडे लान्नात मूर्ती अंगाने भरीव, पदर आखूड, डोक्यावर कमळकळी. ही बोधगयेकडच्या पालशैलीची आठवण. लोपबुरीत ख्मेरांचा चौकोनी चेहरा आणि मुचलिंद नागाची छाया. अयुथ्थयात (१३५१-१७६७) पुढे मुकुटधारी बुद्ध आला. तो आपल्या लोकांना जरा चमत्कारिक वाटतो.

१७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्थया उद्ध्वस्त केली. नंतर पहिल्या राम राजाने ओसाड विहारांतून बाराशेच्या आसपास मूर्ती बँकॉकला आणवल्या. तेथील वाट बेंचमबोफितच्या ओवरीत आज ५२ मूर्ती निरनिराळ्या शैलींत ओळीने पाहता येतात.

एक व्यवहाराची गोष्ट. थायलंडातून जुनी बुद्धमूर्ती सरकारी परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. आपल्याकडे दानात येतात त्या बहुतेक जुन्या शैलीत नव्याने ओतलेल्या असतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण कोणी 'पुरातन थाई मूर्ती' म्हणून जादा किंमत सांगू लागला, तर वर्गणीचा पैसा देण्याआधी त्याच्याकडे कागद मागावा.