विणकर आणि त्याच्यावरील शिक्का

भिवंडी शहरास लागून असलेलें नारपोली हें आसपासच्या इतर गांवांप्रमाणें मूळचें शेतकऱ्यांचें खेडें. आतां तें यंत्रमागांचें गांव झालें आहे. रस्त्यावरून जाणाऱ्यास माग सहसा दिसत नाहींत. पत्र्याच्या छपरांखालून त्यांचा खडखडाट तेवढा ऐकूं येतो. दारांतून डोकावल्यास मागांच्या दोन रांगांमधील अरुंद वाटेनें एक माणूस सारखा फेऱ्या घालतांना दिसतो. धोट्यांतील कांडी संपली कीं तो दुसरी भरतो, ताण्याचा धागा तुटला कीं गांठ मारतो, आणि पुन्हां चालूं लागतो. हा माणूस कोण? आझमगड-मऊकडचा मोमीन असेल, तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली घराण्यांतला असेल, किंवा बिहारमधून नुकताच आलेला एखादा पोरहि असेल. विणलेल्या कापडावरून तें ओळखतां येत नाहीं. माणसाकडे पाहून मात्र त्याचा स्वभाव, त्याची अक्कल आणि त्याचा हेतु हीं सारीं ओळखतां येतात अशी पुष्कळांची खात्री असते. या खात्रीचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे.

छापखान्यांत काम केलेल्यांना स्टिरिओटाइप हा शब्द परका नाहीं. खिळे जुळवून पान तयार झालें कीं त्यावरून प्लास्टरचा अथवा कागदाच्या लगद्याचा साचा काढीत, त्यांत शिशाचा रस ओतीत, आणि निघालेल्या अखंड पत्र्यावरून तेंच पान हवें तितके वेळां छापीत. सोय मोठी होती. तोटा एवढाच कीं पत्र्यांत एखादें अक्षर चुकलेलें निघालें तर तें दुरुस्त करणें जिकिरीचें होई, म्हणून पुष्कळदां तें तसेंच छापलें जाई. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकारानें १९२२ सालच्या ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथांत हा शब्द छापखान्यांतून उचलला आणि माणसाच्या डोक्यांतील तयार चित्रांस लाविला. माणूस पाहून मग मत बनवितो असें समजतात. लिपमनचें म्हणणें असें कीं बहुधा मत आधीं असतें आणि पाहणें मागाहून होतें. मराठींत यास कोणी साचा म्हणेल, कोणी ठसा म्हणेल. शिक्का हा शब्द त्यांत अधिक नेमका आहे; कारण साचा पाहणाऱ्याच्या डोक्यांत राहतो, पण शिक्का बसतो तो दुसऱ्याच्या अंगावर.

उत्तर हिंदुस्थानांत मुसलमान विणकरास जुलाहा म्हणत. कबीर अशाच घरांत वाढला, आणि आपण काशीचे जुलाहे आहों हें त्यानें कधीं लपविलें नाहीं. ज्या घरांतून एवढा पुरुष निघाला त्या घराविषयीं लोकांत आदर असावयास हवा होता. झालें मात्र उलटें. पूर्वेकडील खेड्यापाड्यांतील म्हणींत जुलाहा हा मूर्खपणाचा ठरलेला नमुना होऊन बसला. जवसाच्या शेतांतील निळीं फुलें पाहून जुलाह्यास तेथें पाणी भासलें आणि तो त्यांत पोहूं लागला, अशी एक गंमत सांगत. आठ जुलाहे आणि नऊ हुक्के असले तरी त्यांचें हुक्क्यावरून भांडण व्हावयाचेंच, अशी दुसरी. या म्हणी कोणीं केल्या हें पाहिलें म्हणजे त्यांतील मर्म उघड होतें. त्या केल्या नांगर धरणाऱ्यांनीं. जमिनींतील खड्ड्यांत पाय सोडून जन्मभर मागावर बसलेल्या माणसाला बैलाची पारख नसेल, पेरणीची वेळ समजत नसेल, तर त्यांत नवल तें काय? शेतकऱ्यास ताणा लावण्यास बसविला असता तर म्हणी उलट्या झाल्या असत्या. मराठी मुलखानें या बाबतींत नाक मुरडण्याचें कारण नाहीं. सोनार, शिंपी आणि कुळकर्णी यांना मराठी म्हणींनीं जें झोडपलें आहे तें सर्वांस ठाऊक आहे.

गोष्ट चावडीवरील विनोदापाशीं थांबती तर तींत फारसें वावगें नव्हतें. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या म्हणी दप्तरांत शिरल्या. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या ‘बिहार पेझंट लाइफ’ या १८८५ सालच्या ग्रंथांत त्या आल्या. ग्रियर्सन भाषेचे अभ्यासक होते आणि त्यांचा ओढा शब्दांकडे होता, म्हणून त्यांस दोष देतां येत नाहीं. १९०१ सालच्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांची गोष्ट निराळी. त्यांनीं १९०८ सालीं ‘दि पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ काढला आणि जातींविषयींच्या म्हणींना त्यांत एक स्वतंत्र प्रकरण दिलें. नाकाचें माप आणि गांवची म्हण या दोहोंस एकाच ग्रंथांत जागा मिळाली, आणि म्हणीलाहि मापाची प्रतिष्ठा आली. इकडे मुंबई इलाख्यांतहि गॅझेटियरांचें काम चाललें होतें. ठाणें जिल्ह्याचे भाग १८८२ सालीं निघाले. त्यांतील माहितीचा सांठा आजहि थक्क करणारा आहे. परंतु एकेक जात घेऊन ती कष्टाळू, काटकसरी, भांडखोर किंवा व्यसनी अशा चार विशेषणांत बसवावयाची, ही रीत त्या सबंध मालिकेची आहे. हजारों माणसांच्या स्वभावास चार शब्द पुरे होतात असें मानणाऱ्या अधिकाऱ्यानें आपल्या स्वतःच्या जातीचें असें वर्णन केलेलें सांपडत नाहीं.

जुलाह्याच्या बाबतींत दप्तरानें आणखी एक गोष्ट केली. म्हणींतला जुलाहा भोळा व भित्रा होता. सरकारी कागदांतला जुलाहा धर्मवेडा आणि दंगेखोर झाला. इतिहासकार ज्ञानेंद्र पांडे यांनीं या रूपांतराचा माग काढून तो १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या वसाहतकालीन उत्तर हिंदुस्थानावरील ग्रंथांत मांडला आहे. आझमगड जिल्ह्यांतील मुबारकपूर या विणकरांच्या कसब्यांत १८१३ सालीं मोठी दंगल झाली होती. सरकारी लिखाणांत मुबारकपूरचें नांव आलें कीं ती दंगल येते, तिच्यामागें दुसरी येते, आणि शेवटीं येथील जुलाहे जात्याच माथेफिरू असें विधान येतें. त्याच गांवच्या अली हसन नांवाच्या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उर्दूंत गांवचा वृत्तांत लिहून ठेविला. त्यांत दंगे आहेतच. पण प्रत्येक दंग्यास त्याचें त्याचें कारण आहे, माणसांना नांवें आहेत, आणि दंग्यांच्या मधल्या वर्षांत चाललेलें गांवहि आहे. सरकारी कागदांत हीं मधलीं वर्षें नाहींशीं झालीं. माथेफिरूपणाचा शिक्का मारावयाचा तर मधलीं वर्षें अडचणीचीं असतात.

खरें कारण शोधणाऱ्यास तें फार दूर नव्हतें. विलायती गिरण्यांचें सूत आणि कापड आल्यावर हातमागाचा धंदा बसूं लागला. विणकर सावकाराच्या कर्जांत रुतला. तशांत १८५७ चें बंड आणि त्यानंतरची दडपशाही आली. दुष्काळांनीं उरलेलें केलें. आझमगड, मऊ, बनारस, अलाहाबाद या भागांतून विणकरांचीं घरेंच्या घरें दक्षिणेकडे निघालीं. मुंबईहून आग्र्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर भिवंडी, मालेगांव, धुळें हीं गांवें एकामागून एक लागतात, आणि तिन्ही गांवांत त्यांचे माग बसले. भिवंडीस हे लोक आले तेव्हां तेथें कोंकणी मुसलमानांची जुनी वस्ती होती. धर्म एक असला तरी बोली निराळी, अन्न निराळें. तेव्हां नवागतांस परकें मानणारे केवळ हिंदूच होते असें नाहीं.

पुढें १९३० च्या सुमारास हातमागाच्या जागीं यंत्रमाग येऊं लागले. १९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्या बंद पडल्या, तेव्हां कापडाचें काम भिवंडीकडे लोटलें; नारपोलीसारखीं गांवें त्या लाटेंत शहराशीं एक होऊन गेलीं. मागांबरोबर माणसें आलीं आणि माणसांबरोबर शिक्के आले. तेलुगु विणकर पद्मशाली. त्यांची पद्मानगर ही मोठी वस्ती भिवंडींतच आहे. पण तेलुगु बोलणाऱ्या प्रत्येक कामकऱ्यास कामाठी म्हणण्याची मुंबईची जुनी सवय त्यांच्याहि वाट्यास आली. उत्तरेकडचा तो भय्या. आणि ज्यांच्या गांवांत हे सारे आले तो आगरी म्हणजे मोठ्यानें बोलणारा, लग्नांत पैसा उधळणारा गडी! मिठागरांत आणि खारजमिनींत पिढ्यान् पिढ्या राबलेल्या समाजाचें एवढेंच वर्णन शहरवासीयांना पुरतें, हेंहि नमूद करण्यासारखें आहे.

शिक्का पुसण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १९२० नंतरच्या काळांत उत्तरेंतील विणकरांनीं जुलाहा हें नांव टाकून मोमीन आणि अन्सारी हीं नांवें धारण केलीं, व आपली संघटना उभारली. आसीम बिहारी हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. शिक्षण, धंद्याची सुधारणा आणि स्वाभिमान यांवर त्यांचा भर होता. यांतील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. १९४० च्या मार्चमध्यें मुस्लिम लीगनें लाहोरास आपला ठराव केला. त्यानंतर पुढच्याच महिन्यांत, एप्रिलमध्यें, दिल्लीस देशाच्या फाळणीस विरोध करणाऱ्या मुसलमान पक्षांची परिषद भरली, आणि तींत मोमीन कॉन्फरन्स सामील होती. जात्याच धर्मवेडी म्हणून ज्या जमातीची दप्तरीं नोंद झाली, त्या जमातीची संघटना धर्माच्या नांवावर देश तोडण्यास विरोध करण्यासाठीं दिल्लीस गेली. तरीहि शिक्का पुसला गेला नाहीं. शिक्क्याविरुद्ध जाणारी गोष्ट अपवाद म्हणून सोडली जाते आणि जुळणारी गोष्ट पुरावा म्हणून धरली जाते.

शिक्का केवळ बोलण्यांत राहत नाहीं हें गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें पूर्वींच दाखविलें होतें. १८७१ सालीं उत्तर हिंदुस्थानांत सुरू झालेला हा कायदा १९११ पासून मुंबई इलाख्यांतहि लागू करतां येऊं लागला, आणि मूल जन्मतांच संशयित ठरूं लागलें. तो १९५२ सालीं रद्द झाला. भिवंडीच्या विणकरांवर असा कायदा नव्हता. पण कायद्याशिवायहि काय होऊं शकतें तें १९७० सालीं दिसलें.

त्या वर्षीं ७ मे रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं भिवंडींत दंगल पेटली व तिची आग जळगांव आणि महाड येथेंहि पोंचली. एकट्या भिवंडींत ७८ माणसें मेलीं. चौकशीसाठीं न्यायमूर्ति डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. आयोगानें दोन्ही समाजांतील जहाल मंडळींस त्यांचा त्यांचा दोष दिला; तो भाग येथें विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं. सांगावयाचा आहे तो अहवालांतील पोलीस तपासाविषयींचा भाग. दंगलीच्या गुन्ह्यांसाठीं एक विशेष तपास पथक नेमण्यांत आलें होतें. दंगल हा मुसलमानांनीं आधींच रचलेला कट होता असें गृहीत धरून या पथकानें तपास चालविला, त्यांना शक्य तितकें गोंवलें आणि दुसऱ्या बाजूच्या आरोपींस सांभाळून घेतलें, असा स्पष्ट निष्कर्ष न्यायमूर्ति मादन यांनीं काढला. निष्कर्ष आधीं, पुरावा मागाहून! लिपमननें पुस्तकांत लिहिलेलें येथें पंचनाम्यांत उतरलें. ज्यांचे माग जळले, घरचीं माणसें गेलीं, त्यांतील कित्येक आरोपी म्हणून उभे राहिले. अहवाल आला तेव्हां त्यांच्या आयुष्याचीं कांहीं वर्षें खर्चीं पडलेलीं होतीं.

१९८४ च्या मे महिन्यांत भिवंडी पुन्हां पेटली. त्या वेळीं भिवंडी, ठाणें आणि मुंबई मिळून दोनशेंहून अधिक बळी गेले. आतां शिक्का सबंध गांवावरच बसला. भिवंडी म्हणजे दंगल हें समीकरण इतकें पक्कें झालें कीं देशांतील निम्म्या लोकांच्या अंगावरील स्वस्त कापडाचा तिच्याशीं कांहीं संबंध असेल हें कोणास आठवेना.

१९८८ सालीं सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीस आले. त्यांनीं गांवांत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. प्रत्येक समितींत हिंदू व मुसलमान समसमान घेतले, आणि केवळ पुढारी न घेतां रोजच्या जिण्यांतलीं साधीं माणसें घेतलीं. बैठका नियमानें होत आणि पोलीस त्यांत बसत. शांततेचीं भाषणें कमी आणि गल्लींतील तंटे जास्त, असें त्यांचें स्वरूप होतें. यांत तत्त्वज्ञान असें कांहीं नव्हतें. इतकेंच झालें कीं पोलिसास विणकर नांवानें कळूं लागला आणि विणकरास पोलीस. नांव कळलें म्हणजे शिक्का मारणें थोडें अवघड जातें.

१९९२ च्या डिसेंबरांत अयोध्येची मशीद पडली. त्या महिन्यांत आणि पुढील जानेवारींत मुंबईंत सुमारें नऊशें माणसें मारलीं गेलीं. भिवंडी पेटणारच अशी सर्वांची अपेक्षा होती. भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनीं पुढें या प्रश्नावर मराठींत पुस्तक लिहिलें. मुंबई जळाली पण भिवंडी कां नाहीं, हाच त्याचा विषय.

२००६ च्या जुलै महिन्यांत कबरस्तानाशेजारच्या जागेवर पोलीस ठाणें बांधण्यावरून भिवंडींत जमाव आणि पोलीस यांची चकमक झाली. गोळीबारांत दोघे मेले. रात्रीं दोन पोलीस शिपायांस जमावानें ठार केलें. कृत्य अमानुष होतें आणि त्यास कोणताहि बचाव नाहीं. दुसऱ्या दिवशीं भिवंडीचें जुनें नांव पुन्हां सर्वांच्या तोंडीं होतें. परंतु ती रात्र आणि त्यानंतरचे दिवस हिंदू वस्ती व मुसलमान वस्ती यांत दंगल न होतां गेले.