विद्यार्थ्यांची कुदळ आणि मजुराची भाकर

कॉलेजची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. चढलो ती तेथील शिपायांची आणि झाडूवाल्यांची सभा घ्यायला. अशा माणसाने विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय सेवाकार्याचा इतिहास सांगावा हे थोडे नवलाचेच. म्हणून हा विषय का घेतला ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शहरात विद्यार्थ्यांची मोठी स्वच्छतामोहीम निघाली. मुले-मुली दोन दिवस मनापासून राबली. पण ज्या रस्त्यांवर ती राबली, तेथल्या कंत्राटी सफाई कामगारांचे त्या दोन दिवसांचे खाडे मांडले गेले. एक झाडूवाली बाई मला म्हणाली, "दादा, पोरं गुणी आहेत हो. पण माझी दोन दिवसांची चूल त्यांनी झाडून नेली." मुलांना याचा पत्ताही नव्हता. सेवेच्या हातून अन्याय कसा घडतो, आणि तो टाळता येतो का, हे मी पुस्तकांतून शोधू लागलो, आणि त्या शोधात प्येर सेरेसोल हा माणूस मला भेटला.

सेरेसोल स्वित्झर्लंडचा इंजिनियर. बाप त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेला. मुलाने मात्र वाडवडिलांचा पैसा सरकारला देऊन टाकला आणि लष्करी कर भरायचे नाकारून तुरुंग पत्करला. महायुद्ध संपल्यावर, १९२० साली हॉलंडमध्ये शांततावाद्यांची परिषद भरली. तेथे एका जर्मन प्रतिनिधीने सुचवले की, ठराव पुरे झाले, आपल्या लोकांनी फ्रान्समध्ये जे मोडले ते आपण जाऊन उभारू या. सेरेसोलने हे बोलणे मनावर घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हर्दूनजवळच्या एस्न या उद्ध्वस्त खेड्यात पाहिली तुकडी दाखल झाली. तीत काही जर्मनही होते. त्यांनी लाकडी घरे उभारली, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवून जमीन पेरणीजोगी केली. पण १९२१ च्या वसंतात गावच्या कारभाऱ्यांनी बजावले की, जर्मन येथे नकोत. तेव्हा सारीच तुकडी उठून निघाली. काम अर्धे राहिले, पण सोबती टाकून कोणी मागे राहिला नाही. संघटनेचा माणूस म्हणून या माघारीचे मोल मी फार मानतो.

पुढे हीच संघटना 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या नावाने रुजली. १९२७ च्या शरदात ऱ्हाईन नदीने बांध फोडला आणि लिश्टेनस्टाईन या चिमुकल्या देशाची शेते दगडगोट्यांखाली गाडली. १९२८ साली तेथे निरनिराळ्या देशांचे सातशेहून अधिक स्वयंसेवक जमले. त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. पुरुष फावडी मारीत आणि स्त्रिया स्वयंपाक-धुणे सांभाळीत, ही त्या काळाची मर्यादाही नमूद केली पाहिजे.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. याच दशकात विद्यार्थ्यांच्या हातांनी दुसरे एक काम केले होते. मे १९२६ मध्ये ब्रिटनमधील कामगारांनी खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी नऊ दिवसांचा सार्वत्रिक संप केला. तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजचे शेकडो विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून पुढे आले, आणि कोणी बस चालवली, कोणी गोदीत माल उतरवला. त्यांनाही आपण देशाची सेवाच करीत आहोत असे वाटत होते. वस्तुतः ते संप फोडीत होते.

पाच वर्षांनी, १९३१ च्या उन्हाळ्यात, वेल्समधील ब्रिनमॉर या खाणकामगारांच्या गावी विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय तुकडी आली. गाव बेकारीने गांजलेले. उकिरड्याच्या जागी पोहण्याचा तलाव आणि बाग करायची, असा बेत. स्थानिक मजूर चळवळीतील अनेकांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, हे काम निघायचेच तर पूर्ण मजुरीवर निघावे. फुकट श्रमाची सवय लागली की मजुरी मागणारा उद्या उद्धट ठरतो. मित्रहो, १९२६ ची आठवण ज्या गावात ताजी, तेथे कुदळ घेतलेल्या विद्यार्थ्याकडे संशयाने पाहिले गेले तर नवल ते काय? तथापि गावातले काही बेकार खाणवाले त्या मुलांच्या शेजारी उभे राहिले आणि तलाव पुरा झाला. माझ्या मते दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मात्र आजही खोडून निघालेला नाही. सेरेसोलच्या संघटनेनेही पुढे तो ओळखला. स्थानिक मजुराशी स्पर्धा होईल असे काम अंगावर घ्यायचे नाही, हा दंडक तिने मानला.

या प्रवाहाचा एक फाटा आपल्या देशातही आला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला. मदतीचे काम राजेंद्रप्रसाद पाहत होते. गांधीजींना स्वित्झर्लंडमध्ये भेटलेला सेरेसोल मोजके सोबती घेऊन मुझफ्फरपूर भागात आला. पुराच्या तोंडी सापडलेली खेडी उंचवट्यावर वसवण्याचे काम या मंडळींनी १९३७ पर्यंत केले. अशा एका नव्या वस्तीचे नाव शांतिपूर. पुढे आपल्याकडे १९६७ पासून बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी भरू लागली, आणि १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

या इतिहासातून मी एवढेच शिकलो. कुदळ तीच, हातही तसेच कोवळे. पण १९२६ ला तिने भाकर हिरावली आणि १९२८ ला शेत मोकळे केले. फरक कुदळ कोणाच्या सांगण्यावरून उचलली, यात आहे. म्हणून समोर बसलेल्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे. सेवेला जरूर जा, परदेशी जा, परदेशी मुलांना येथे बोलवा. पण फावडे उचलण्यापूर्वी तेथल्या मजुराला एक प्रश्न विचारा, "हे काम आम्ही केले तर तुमचा खाडा तर मांडला जाणार नाही ना?" त्या बाईला एवढे विचारले असते, तर तीही झाडू घेऊन तुमच्याबरोबर आली असती, आणि तिच्या हजेरीसाठी भांडायला तुम्हीही तिच्याबरोबर गेला असता.