काँक्रीटची नाव

पाण्यावर दगड तरले असें म्हटलें कीं आपल्याकडे सेतुबंधाची आठवण होते. ते दगड रामनामानें तरले. काँक्रीटची नाव आर्किमिडीजच्या नियमानें तरते. नावेनें बाजूस सारलेल्या पाण्याचें वजन तिच्या एकंदर भाराइतकें झालें, कीं द्रव्य जड असूनहि ती बुडत नाहीं. फ्रान्समध्यें जोझेफ लुई लांबो यानें १८४८ सालीं लोखंडी जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवून अशी होडी केली, आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत ती मांडली. ज्या द्रव्याचे पुढें पूल व धरणें झालीं, त्याचें बाळपण असें पाण्यावर गेलें.

पुढें सव्वाशें वर्षांनीं ही होडी विद्यार्थ्यांच्या हातीं आली. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत प्राध्यापक क्लाइड केसलर यांच्या वर्गानें काँक्रीटची एक अरुंद होडी घडविली. शेजारच्या इंडियाना संस्थानांतील पर्ड्यू विद्यापीठाच्या मुलांनींहि तशीच एक केली, आणि १९७१ च्या मे महिन्यांत एका तळ्यावर दोघांची शर्यत लागली. हा नाद इतर विद्यापीठांत पसरला. तेथील स्थापत्यविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेनें १९८८ पासून त्यास राष्ट्रीय सामन्याचें रूप दिलें.

या सामन्यांत वल्हीं मारण्याचा भाग थोडा. त्यापूर्वीं कित्येक महिने मिश्रणाचे नमुने ओतून ते फोडून पाहावयाचे, सांचा तयार करावयाचा, थर चढवावयाचे आणि ते ओले ठेवून घट्ट होऊं द्यावयाचे. साधें काँक्रीट दर घनमीटरास सुमारें २४०० किलो भरतें, पाणी १०००. म्हणून खडीऐवजीं कांचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांसारखीं हलकीं द्रव्यें घालतात. पाण्यानें भरलेली होडी वर येते कीं नाहीं, हेंहि पाहिलें जातें. परीक्षकांपुढें लेखी वृत्तांत व तोंडी निवेदन करावें लागतें, आणि मग मुलें व मुली आपणच बांधलेल्या होडींत बसतात.

परीक्षेंत ज्यास गुण नाहींत त्यांत इतका वेळ कां दवडावा, असें पालक विचारतील. अभ्यास कठीण आणि वर्षें थोडीं, तेव्हां हा आक्षेप रास्त आहे. परंतु रसायनाच्या विद्यार्थ्यास आपली चूक परीक्षानळींत दिसते. स्थापत्याच्या विद्यार्थ्याचा पूल कागदावरच राहतो, व तो चुकला तर चार गुण तेवढे जातात.

खऱ्या पुलाची किंमत निराळी असते. कॅनडांत सेंट लॉरेन्स नदीवरील क्वेबेकचा पूल बांधीत असतांना २९ ऑगस्ट १९०७ रोजीं कोसळला, आणि ७५ कामगार प्राणांस मुकले. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट केला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळींच नव्यानें मांडला नाहीं. चूक ध्यानांत आली तेव्हां पुष्कळ काम होऊन गेलें होतें, आणि वाढलेला भार सोसेल असें मानून तें पुढें चालूं ठेवण्यांत आलें. हा हिशेब करणारे लोक अननुभवी नव्हते; एकदां मांडलेला आंकडा पुन्हां तपासण्याची संवय तेथें कमी पडली.

होडी बांधल्यानें पूल पडावयाचे थांबतील, असें मी म्हणत नाहीं. तथापि आपली होडी ठरल्यापेक्षां जड झाली आणि म्हणून पाण्यांत चार बोटें अधिक उतरली, हें ज्यानें विसाव्या वर्षीं तींत बसून पाहिलें, त्यास वजनाचा आंकडा पुढें निव्वळ आंकडा वाटणार नाहीं. तेव्हां आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी अशा उद्योगापायीं सिमेंटनें माखलेल्या हातांनीं उशिरां परतली, तर रागावण्यापूर्वीं एवढें अवश्य विचारावें: केवढा भार धरला होता, आणि प्रत्यक्षांत केवढा भरला?